पायऱ्या मोजून पाहावयाची पणजी

पार्से, आगरवाडा, तुये, मांद्रे या पेडणे महालातील गावांतून पणजीस जाण्याचे प्रयोजन आजवर बहुधा सरकारदरबारचे असे. जमिनीचा दस्तऐवज, नोकरीचा अर्ज, कोर्टातील तारीख किंवा इस्पितळाची चिठ्ठी, यांपैकी एखादे निमित्त असल्यावाचून मांडवी ओलांडणारा मनुष्य विरळा. आणि काम उरकताच म्हापशाची बस गाठून दिवेलागणीच्या आत घर पाहण्याची त्यास घाई. पणजी पाहण्यासाठीच पणजीस जावे, तेथे दोन-तीन रात्री मुक्काम करावा, सकाळी पायी हिंडावे आणि कंटाळा येईतो नदीकाठी बसून राहावे, ही कल्पना आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना थोडी चैनीची आणि थोडी हास्यास्पदही वाटत आली आहे.

आता काळ पालटला. पुण्यामुंबईस किंवा आखाती मुलखात स्थिरावलेली मुले चतुर्थीस अथवा नाताळात गावी येतात, आईचे सुजलेले गुडघे आणि वडिलांच्या हाती आलेली काठी पाहून हळहळतात, आणि त्यांना कोठेतरी फिरवून आणण्याचा बेत करतात. या बेताचे स्वरूप ठरलेले असते. एक मोटार भाड्याने घ्यावयाची, दिवसाकाठी दहा-बारा स्थळे उरकावयाची, प्रत्येक स्थळी तरुण मंडळींनी उतरावयाचे, आणि आईने "तुम्ही जाऊन या रे, मी बसते गाडीतच," असे म्हणून खिडकीच्या काचेतून एका अनोळखी वाहनतळाचे निरीक्षण करीत राहावयाचे. या प्रकारास सहल म्हणणे मला मान्य नाही.

ज्याला थोडेच चालता येते त्याच्यासाठी पायी पाहण्याजोगे लहान शहर हेच सर्वांत उचित ठिकाण होय, हे विधान प्रथमदर्शनी विपरीत भासेल. परंतु विचारांती ते पटण्यासारखे आहे. ज्या नगरात एका प्रेक्षणीय वास्तूपासून दुसरीपर्यंतचे अंतर दोन-तीनशे पावलांचे, जेथे कोणत्याही क्षणी मागे फिरून मुक्कामी परतता येते, आणि जेथे काहीही न पाहता नुसते रस्त्यावर असणे हेच पाहणे असते, तेथे अशक्त माणसाला आपल्या शक्तीप्रमाणे दिवस कमीजास्त करण्याची मुभा राहते. विस्तीर्ण शहरात किंवा दूरदूर विखुरलेल्या तीर्थक्षेत्रांत ही मुभा वाहनाच्या व सोबत्यांच्या स्वाधीन होते.

पणजी या कामी विशेष अनुकूल का, याचे उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. जुन्या गोव्याची राजधानी रोगराईने ओस पडू लागल्यावर व्हाइसरॉयांनी 1695 मध्ये पणेलीस आणि 1759 मध्ये पणजीस, आदिलशाहाच्या नदीकाठच्या वाड्यात, आपले बिऱ्हाड हलविले. त्या वेळची पणजी म्हणजे खाजण, दलदल, माड आणि शेती. रायबंदरापासून पणजीपर्यंत दलदलीतून जाणारा सुमारे तीन किलोमीटरांचा लिन्यारिशचा बांध तेवढा 1633-34 मध्ये घातला गेला होता. पुढे 1827 ते 1835 या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयाने दलदल भरवून घेतली, सरळ रस्ते आखले व सरकारी इमारती उठविल्या. आणि 1843 च्या मार्च महिन्यात ‘नोवा गोवा’ या नावाने हे नगर रीतसर राजधानी झाले. दलदल भरून वसविलेल्या भूमीचा स्वाभाविक गुण असा की ती सपाट असते. नदीकाठ, मधली बाजारपेठ आणि कांपाल हा सारा प्रदेश आज गुडघे धरलेल्या माणसाला चालावयास सुसह्य वाटतो, त्याचे श्रेय त्या भरावाला आहे. त्याच भरावामुळे आषाढात तेथे पाणी तुंबते, ही त्याची दुसरी बाजू. ती पुढे कालनिर्णय करताना ध्यानात घ्यावी लागेल.

या सपाटीच्या पाठीशी आल्तिनोची टेकडी उभी आहे, आणि पणजीतील सर्व कष्ट त्या टेकडीच्या उतारावर साठलेले आहेत. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा तो सुप्रसिद्ध नागमोडी जिना, मळ्यातील मारुतीच्या देवळाची चढण, फोंताइनेशमधून वर चढणाऱ्या चिरेबंदी पायऱ्या, या सगळ्यांचा मोह अशक्त पाहुण्याने आवरावा. चर्च तर खालूनच पाहण्यासाठी बांधलेले आहे, असे मी म्हणेन. समोरच्या गार्सिया द ओर्त उद्यानात बसून पाहिले म्हणजे तो पांढरा दर्शनी भाग, घंटेचा मनोरा आणि दोहों बाजूंनी वर चढत जाणारा जिना हे सारे एकाच दृष्टिक्षेपात सामावते. जिना चढून वर गेलेल्या उत्साही मंडळींना यांतले काहीच दिसत नाही, त्यांना फक्त बाजारातील छपरे दिसतात. आल्तिनोवर जावयाचेच असेल तर मोटारीने जावे आणि मोटारीनेच खाली यावे.

बेत आखताना बहुतेक लोक स्थळांची यादी प्रथम करतात आणि त्यांमधील अंतरे मागाहून पाहतात. येथे हा क्रम उलटा करावा लागतो. प्रथम बसावयाच्या जागा हेराव्यात, मग त्या जागांच्या आसपास पाहण्यासारखे काय आहे ते शोधावे. आमच्या खेड्यांत पिंपळाचा पार असे, घराला ओसरी असे, आणि गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांना दाराशी दोन्ही बाजूंस दगडी सोपे असलेला बाल्कांव असे. वाटसरूने टेकावे ही अपेक्षा त्या रचनेतच होती. शहराने मोकळी जागा मोटारींना दिली आणि माणसाला बसावयाचे तर चहाचे पैसे मोजावे लागू लागले. म्हणून बाके कोठे आहेत, सावली कोणत्या वेळी कोणत्या बाजूस असते, आणि स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, या तीन गोष्टींचा नकाशा घरातील एखाद्या धडधाकट माणसाने आदल्या आठवड्यात जाऊन स्वतः पायी फिरून करावा. पार्शाहून पणजी तासाभराच्या आतबाहेर. तेवढा खटाटोप अशक्य नाही.

अशक्तपणा सर्वांचा सारखा नसतो, हे मात्र विसरता कामा नये. संधिवाताच्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते, हे ज्याला गुडघे दुखत नाहीत त्याच्या सहसा लक्षात येत नाही. काठी टेकणाऱ्यास ओल्या, गुळगुळीत फरशीचे भय. वॉकर धरणाऱ्यास रस्त्याच्या कडेच्या एका इंचाच्या उंचवट्याचे भय. चाकांच्या खुर्चीस पुढील दोन लहान चाके फरशांच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत अडकण्याचे भय. हृदयविकाराच्या माणसाचे पाय उत्तम असतात, त्याला नडतो तो चढ आणि ऊन. म्हणून शेजाऱ्याच्या वडिलांना जो बेत मानवला तो आपल्या आईलाही मानवेल, असे धरून चालू नये. तिलाच विचारावे, आणि विचारावयाचे ते "चालवेल ना?" असे नव्हे, कारण त्या प्रश्नाला कोणतीही मराठी आई मुलांचा हिरमोड नको म्हणून "हो, चालेल की" असेच उत्तर देते. "न बसता कुठवर जाता येतं? देवळापर्यंत, की शाळेपर्यंत?" असे विचारले म्हणजे खरे उत्तर मिळते, आणि ते अंतर पावलांनी मोजता येते.

पायरीचे गणितही एकदा समजून घेणे इष्ट. चाकांच्या खुर्चीसाठी उतरत्या वाटेचे, म्हणजे रॅम्पचे, सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. एक फूट उंची चढावयाची असेल तर बारा फूट लांबीचा उतार हवा. जुन्या पणजीतील घरांची जोती पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून उंच बांधलेली असतात. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या धरल्या तरी उंची दीड फूट होते, आणि तिला अठरा फुटांचा उतार लागतो. तीन पायऱ्यांवर सहा फुटांची लोखंडी फळी टाकून ‘आमच्याकडे रॅम्पची सोय आहे’ असे सांगणाऱ्या हॉटेलांची संख्या थोडी नाही; त्या फळीवरून खुर्ची वर ढकलणे दोघा जवानांना जड, आणि खाली उतरविणे तर धोक्याचे. म्हणून मुक्कामाची जागा ठरविताना विशेषणे ऐकून घेऊ नयेत, आकडे मागावेत. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? लिफ्ट कोणत्या मजल्यापासून सुरू होते? न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती? खुर्ची सुखाने आत जाण्यास सुमारे तीन फूट, म्हणजे नऊशे मिलिमीटर, आणि आत वळण्यास पाच फुटांची मोकळी जागा लागते. कमोडशेजारी हाताने धरावयास दांडा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे दूरध्वनीवर मिळतात. त्याखेरीज न्हाणीघराचे छायाचित्र मागवून घ्यावे. व्यवस्थापकाने टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजून दुसरे घर पाहावे. फोंताइनेशमधील जुन्या वाड्यांत केलेली निवासस्थाने दिसावयास मनोहर असली तरी त्यांचे लाकडी जिने आणि उंच उंबरठे अशा पाहुण्यासाठी नव्हेत. बाजारपेठेच्या सपाट भागात, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या साध्या लॉजमध्ये उतरावे आणि फोंताइनेश पाहावयास जावे, राहावयास नव्हे.

आता दिवसाविषयी. सकाळी साडेसात ते दहा हा काळ सर्वांत मौल्यवान. ऊन कोवळे, रस्ते मोकळे, आणि नदीवरचा वारा. जुन्या सचिवालयापासून आरंभ करावा. आदिलशाहाचा हा वाडा 1759 पासून व्हाइसरॉयांचे निवासस्थान होता आणि पुढे कित्येक वर्षे गोव्याची विधानसभा येथेच भरे. त्याच्या लगत आबे फारियाचा पुतळा आहे. 1756 मध्ये कांदोळीस जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनविद्येचे प्रयोग करून कीर्ती मिळविलेल्या या धर्मोपदेशकाचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडविला असून तो 1945 मध्ये उभारला गेला. झोकांड्या खाणारी स्त्री आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला फारिया हे दृश्य पाहावयास एकही पायरी चढावी लागत नाही. अशा, रस्त्यावरूनच पुरते दिसणाऱ्या गोष्टी पणजीत अनेक आहेत, आणि अशक्त पाहुण्याच्या यादीत त्यांना अग्रमान द्यावा.

तेथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर आझाद मैदान, आणि त्याला लागून मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत. 1871 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या रंगात रंगविलेल्या चिनीमातीच्या फरशांवर कामोंइश या पोर्तुगीज महाकवीच्या काव्यातील प्रसंग चितारलेले आहेत. ते जॉर्ज कोलासो या चित्रकाराचे काम. चित्रे दारातच असल्यामुळे लांब दालने तुडवावी लागत नाहीत. एवढ्याने सकाळ संपली असे समजावे. आणखी कांपालही आजच उरकू, असा आग्रह कोणी धरील, तो मोडून काढावा. कांपालला दुसरी सकाळ द्यावी. तेथे झाडांची दाट सावली आहे, बागा आहेत, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची देखणी इमारत आहे, आणि चार्ल्स कोरियांनी आखलेली कला अकादमी आहे, जिच्या उघड्या दालनातून नदीकडे पाहत कितीही वेळ काढता येतो.

दुपारी मात्र पणजी स्वतःच विश्रांती घेते. एकच्या सुमारास दुकानांचे दरवाजे लागतात आणि साडेतीनपर्यंत गाव डुलकी काढते. बाहेरचे प्रवासी या प्रघाताची थट्टा करतात. पण ज्याला जेवणानंतर पाय वर करून दोन तास पडावयाचे असते त्याला, सारे नगरच आपल्याबरोबर निजले आहे, आपल्यामुळे कोणाचा खोळंबा झालेला नाही, या जाणिवेइतके सुख नाही.

फोंताइनेश तिसऱ्या प्रहरी पाहावे, उन्हे टेकडीआड गेल्यावर. ओरेंच्या खाडीकडील रस्त्यापर्यंत रिक्षाने जाऊन तेथून एखादीच गल्ली निवडावी. गल्ल्या अरुंद, पदपथ नावापुरते, आणि दुचाकी अंगावरून जाणाऱ्या. म्हणून सोबत्याने नेहमी वाहनांच्या बाजूने चालावे. घरांपुढे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीला तेथील रहिवासी कंटाळलेले आहेत. परंतु काठी टेकीत आलेल्या वृद्धेने सोप्यावर क्षणभर बसू का असे विचारले तर बहुतेक घरांतून होकार येईल, असा माझा विश्वास आहे.

पेडण्याच्या माणसाला फेरीबोटीचे अप्रूप नाही. केरी-तेरेखोलची फेरी आजही त्याच्या परिचयाची, आणि 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळल्यानंतर साऱ्या उत्तर गोव्याने फेरीच्या रांगेत घालविलेले तासही जुन्यांच्या स्मरणात आहेत. तरीही पणजी-बेती फेरीची शिफारस मी आवर्जून करतो. मोटारी व दुचाकी चढाव्यात म्हणून तिची फळी थेट धक्क्यावर टेकते, त्यामुळे बसच्या उंच पायरीपुढे हतबल होणारी चाकांची खुर्ची फेरीवर मात्र गाडीप्रमाणेच सरळ चढते. पायी जाणाऱ्यास तिकीट नाही, आणि काही मिनिटांत मांडवीचे पात्र, तिन्ही पूल व पणजीचा संपूर्ण काठ नजरेसमोरून सरकतो. सावधगिरी एकच: ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि खालचा भाग ओला व शेवाळलेला असतो, म्हणून भरतीची वेळ पाहून जावे, वाहने उतरून जाऊ द्यावीत, आणि खुर्ची उतरविताना ती उलटी धरून, पाठ उताराकडे करून उतरवावी.

बाहेरून येणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमच्याच महालातील मोप येथील विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमाने ये-जा करू लागली आहेत. विमानात चाकांची खुर्ची हवी असल्यास ती किमान अठ्ठेचाळीस तास आधी मागवावी, आणि स्वतःची विजेवर चालणारी खुर्ची असल्यास तिच्या बॅटरीचा प्रकार तिकीट काढतानाच सांगावा. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना पणजीसाठी थिवी किंवा करमळी ही स्थानके सोयीची; परंतु पुलावरून फलाट ओलांडावा लागेल काय, हे गाडीच्या वेळेवरून आधी ताडून पाहावे. मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे ‘पायलट’ हे गोव्याचे वैशिष्ट्य खरे; गुडघा न वाकणाऱ्याने त्याचे कौतुक दुरूनच करावे.

काळ कोणता निवडावा? जून ते सप्टेंबर हे महिने वर्ज्य. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि सखल रस्त्यांवर पाणी साचते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, डिसेंबरच्या आठव्या दिवशी चर्चचे फेस्त, नाताळ आणि नववर्ष, पुढे कार्निव्हाल व शिगमो. या दिवसांत रस्ते बंद असतात आणि बाक मिळणे दुरापास्त होते. या सर्वांच्या मधले जानेवारीचे शांत आठवडे उत्तम. रविवारी बाजार बंद असतो, म्हणून तो दिवस पदपथांसाठी राखावा.

या खटाटोपाचा सारा भार कुटुंबावर का पडावा, असे कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्याखालील नियम झाल्यापासून पाच वर्षांच्या आत विद्यमान सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम कराव्यात, असा त्यात हुकूम आहे, आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली. सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवून भागणार नाही, ती बंधनकारक केली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. जुनी वास्तू म्हणजे पायऱ्या अपरिहार्य, ही सबब ऐकू येते. तिला स्पेनमधील आव्हिला या तटबंदीच्या मध्ययुगीन नगराचे उत्तर आहे. डोंगरावर वसलेल्या त्या शहराने आपल्या तटाचा काही भाग चाकांच्या खुर्चीसाठी खुला केला, आणि सुगम शहरासाठी युरोपीय संघाने ठेवलेले पहिलेच पारितोषिक, 2011 सालचे, त्यास मिळाले. पणजीलाही हे अशक्य नाही. जानेवारी 2023 मध्ये राज्य दिव्यांगजन आयुक्तांच्या कार्यालयाने समाजकल्याण खात्याच्या साहाय्याने येथे ‘पर्पल फेस्ट’ भरविला, देशभरातून हजारो दिव्यांग पाहुणे आले, आणि तो पुढेही भरत राहिला. उत्सवाच्या दिवसांत जे साधते ते उरलेल्या दिवसांत का साधत नाही, हे महापालिकेने सांगावयाचे आहे. पदपथ खणले जातात, पुन्हा घातले जातात, आणि नव्या पदपथाच्या अगदी मध्यावर विजेचा खांब तसाच उभा राहतो. ही गोष्ट पैशाच्या अभावी होत नाही, ज्याने तो पदपथ आखला त्याने त्यावरून खुर्ची ढकलून पाहिलेली नसते म्हणून होते.

तेव्हा सहलीस जाताना खिशात एक लहानशी टेप आणि वही असू द्यावी. ज्या सार्वजनिक इमारतीच्या दारातून आईला परत फिरावे लागले, तिचे नाव, तारीख, पायऱ्यांची संख्या आणि प्रत्येकीची उंची इंचांत लिहून घ्यावी, छायाचित्र काढावे, आणि घरी परतल्यावर आठवड्याच्या आत राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा. अशा तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला आहे. अर्ज मराठीत चालतो, आणि पोच मागून घ्यावी.